लंबक शिकवताना सूत्र शेवटी लिहा
लंबकाचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हातात दोरा आणि लोखंडी नट द्या. २५ सेंटिमीटर लांबीला दहा झोके (जाऊन परत येणं म्हणजे एक झोका) साधारण १० सेकंदांत होतात. आता विचारा, दोरा एक मीटर केला तर? बरीच मुलं ४० म्हणतात. अंदाज वहीत लिहून घ्या, मगच मोजू द्या. घड्याळ २० दाखवतं, आणि वर्गात जी कुजबुज सुरू होते तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप! लांबी टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत घ्या, झोका लहान ठेवा. एकच झोका मोजू नका. घड्याळाचं बटण दाबण्यातली चूक दहा झोक्यांत विभागली जाते. कृतिपत्रिकेत उत्तर छापू नका. ‘माझा अंदाज’ आणि ‘मोजलेली वेळ’ असे दोन रिकामे रकाने पुरेत.