गेममधली तलवार, मुखवटा घरी बनवताय? नागपुरात या चुका टाळा

गेममधल्या वस्तू घरी बनवणाऱ्यांची गाऱ्हाणी फिरून फिरून तीच असतात. तलवारीचा जोड उकलला, मुखवट्याला बुरशी आली, स्प्रेचा रंग खरखरीत बसला, मण्यांचं चित्र वाकलं. आणि प्रत्येक जण पहिला संशय घेतो तो स्वतःच्या हातावर. माझं सांगणं आहे की आधी हवेवर संशय घ्या. ज्या व्हिडिओंवरून आपण शिकतो, ते बहुतेक थंड देशांतल्या गॅरेजमध्ये केलेले असतात. तिथलं ‘पंधरा मिनिटं वाळू द्या’ हे नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना लागू पडत नाही, आणि कूलर सुरू असलेल्या खोलीत तर अजिबातच नाही. गेमबद्दलची आपली मतंसुद्धा या उन्हातून सुटत नाहीत. त्याबद्दल पुढे सांगतो.

फोम घेतानाच होणारी चूक

तलवार, चिलखत, ढाल यांसाठी लागतो तो ईव्हीए फोम. बर्डीत किंवा इतवारीत दुकानात जाऊन नुसतं ‘फोम द्या’ म्हटलं की पॅकिंगचा पांढरा फोम हातात पडतो. तो ईपीई. त्याला ना गोंद धरतो, ना रंग. दोन्ही ओळखणं सोपं आहे. ईपीई गुळगुळीत, हलका आणि त्यातले बुडबुडे डोळ्यांना दिसणारे. ईव्हीए दाट, बारीक कणांचा, नख दाबलं की हळूहळू वर येणारा. योगा मॅटसुद्धा ईव्हीएचीच असेल असं धरून चालू नका. मुलांच्या खोलीत जमिनीवर अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चौकोनी मॅट मात्र बहुतेक ईव्हीएच्या असतात, आणि दहा मिलिमीटरच्या आसपासची जाडी तलवारीच्या पात्याला अगदी योग्य. नक्षीसाठी दोन मिलिमीटरची शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

कापताना कडा फाटल्यासारखी येत असेल तर ब्लेड बोथट झालंय. फोम ब्लेडची धार फार लवकर खातो. कटरचं टोक वेळेवर मोडा, ब्लेड सरळ उभं धरा आणि एकाच दमात आरपार जाऊ नका. दोन हलके हात द्या.

आता हीट गन. फोम कापून झाला की त्यावर गरम हवा फिरवायची असते, म्हणजे वरची छिद्रं बंद होतात. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग ‘फोमने सगळा रंग पिऊन टाकला’ अशी तक्रार करतात. गरम हवा फिरवताना फोमकडे तिरप्या उजेडात पाहा. आधी पृष्ठभाग खडूसारखा कोरडा दिसतो, मग एका क्षणी त्यावर बारीक चकाकी सरकत जाते. ती चकाकी जिथे आली तिथलं काम झालं, गन पुढे न्या. तिथेच थांबलात तर कडा वर वळतात, बुडबुडे येतात आणि तो भाग कापून टाकण्याशिवाय इलाज राहत नाही. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, आणि फोम घासताना तोंडावर मास्क हवाच. ती धूळ फार बारीक असते.

जोड उकलतो तो कशाने

दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे घाई. चामड्याला, सनमायकाला वापरतात तो कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. ओला असतानाच दाबला तर आतला द्रव अडकतो आणि जोड दोन दिवसांनी सुटतो. उन्हाळ्यात उलटंही घडतं. दुपारी लांब पात्याच्या एका टोकापासून गोंद लावत गेलात तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पार सुकलेलं असतं. मग कितीही दाबा, धरत नाही. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी करा आणि गोंद वीतभर, वीतभर करत लावा. या गोंदाचा वास डोक्यात जातो आणि त्याची वाफ पेट घेते. जवळ गॅस नको, उदबत्तीही नको.

दुसरं कारण म्हणजे ग्लू गन. तिच्या काड्या उष्णतेने वितळतात, म्हणूनच तर ती चालते, आणि म्हणूनच नागपुरात ती दगा देते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचं आतलं तापमान मे महिन्यात साठ अंशांच्या घरात जाऊ शकतं, आणि तेवढ्यात साध्या काडीचा जोड मऊ पडायला लागतो. घरातून सरळ निघालेली तलवार कार्यक्रमाच्या जागी वाकडी पोचते. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे भाग काढणाऱ्यांनी तर हे पाठच करून ठेवावं, कारण पीएलए सुमारे साठ अंशांनाच मऊ होतं. मूठ, शिंग, बिल्ला, काहीही असो, स्कूटीच्या डिकीत ठेवून दुपारी बाजारात थांबू नका. ग्लू गन तात्पुरतं धरून ठेवायला वापरा. भार पेलायचा असेल तिथे कॉन्टॅक्ट गोंद, आणि पात्याच्या आत विजेच्या वायरिंगला लागतो तो कंड्युट पाईप.

थर्माकोल वापरायचा मोह आवरा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. शिवाय कॉन्टॅक्ट गोंद आणि स्प्रे पेंट दोन्ही त्याला विरघळवतात. पुठ्ठा मिळतो तेव्हा थर्माकोलकडे जायचं कारणच उरत नाही.

मुखवटा वाळत का नाही

‘हॉलो नाइट’ हा २०१७ चा, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा गेम. त्यातल्या छोट्या योद्ध्याचा पांढरा, दोन शिंगांचा मुखवटा कागदाच्या लगद्याच्या कामासाठी जणू मुद्दाम काढल्यासारखा आहे: नक्षी नाही, फक्त आकार आणि दोन काळे डोळे. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

बहुतेक जण फुग्यावर कागद चिकटवतात. इथे पहिली गडबड होते. दुपारच्या उकाड्यात फुगवलेला फुगा रात्री गारव्याने आकसतो आणि ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात. पहिले दोन थर सकाळी देऊन संध्याकाळच्या आत वाळवा, किंवा फुगा सोडा आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करा. कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड खालच्या थरात मिसळून जाते, कापलेली कड रंगाखालूनही रेघ दाखवते.

मग वाळवणं. कडक उन्हात ठेवला की वरचा थर झटकन सुकतो, आतला ओला राहतो आणि मुखवटा पापडासारखा वाकतो. म्हणून घरात आणून कूलरसमोर ठेवला जातो, आणि ही त्याहून मोठी चूक. कूलरची हवा पाण्यातून येते. त्या हवेत कागद वाळत नाही, उलट ओल धरतो. सावली, उघडी खिडकी आणि साधा पंखा, एवढंच पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये एका दिवशी दोनच थर द्या, नाहीतर आत बुरशी धरेल. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मुखवटा नाका-तोंडाला लागतो आणि मोरचूद विषारी असतं, तेव्हा ते नको. पिठाच्या खळीऐवजी पाणी घातलेला फेव्हिकॉल घ्या.

हे सगळं शिकायला दूर जायची गरज नाही. महालातल्या चितार ओळीत गणपतीच्या आधीच्या दिवसांत एक फेरी मारा. कारागिराला ‘भाऊ, जरा बघू का?’ असं विचारून बाजूला उभे राहा आणि मूर्तीचा पहिला पांढरा हात किती पातळ असतो, दुसरा द्यायच्या आधी तो किती थांबतो, ते पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या बडग्यांकडेही याच नजरेने पाहण्यासारखं आहे. एवढे मोठे पुतळे माणसं मिरवत नेतात, कारण आत बांबूच्या कामट्या आणि वर कागद असतो. राक्षसाचा धड-हात असा मोठा पोशाख करणाऱ्याने फोमवर फोम चढवत बसण्यापेक्षा हे तंत्र उचलावं. दोन तास अंगावर घालायचं असतं, तेव्हा वजनच सगळं ठरवतं.

रंग

स्प्रेचा रंग हाताला सॅंडपेपरसारखा लागत असेल तर तो वस्तूवर पोचायच्या आधी हवेतच सुकलाय. दुपारच्या झळांमध्ये हेच होणार. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, वीतभर अंतरावरून मारा. पावसाळ्यात लॅकर मारल्यावर पांढुरकी धुरकट छटा येते, ती हवेतल्या दमटपणामुळे. तसल्या दिवशी लॅकरला हात लावू नका. फोमवर ॲक्रिलिक देण्याआधी पातळ फेव्हिकॉलचे तीन-चार हात द्या, म्हणजे फोम वाकला तरी रंगाला लगेच भेगा पडत नाहीत.

रंग चुकीचा निघण्याचं खरं कारण मात्र बहुधा स्क्रीनशॉटमध्ये असतं. गेममध्ये संध्याकाळ असेल तर चिलखत नारिंगी दिसणारच. ढगाळ दुपारचं किंवा मेनूमधलं चित्र घ्या. मापाचंही तसंच. कॅमेरा जवळ नेऊन घेतलेल्या चित्रात पुढचा हात आणि तलवार फुगलेली दिसतात. लांब जाऊन झूम करा, पात्राची उंची आणि तलवारीची लांबी त्याच चित्रात मोजा आणि ते प्रमाण स्वतःच्या उंचीला लावा.

मणी आणि पुठ्ठा

इस्त्रीने जोडायच्या मण्यांवर जुन्या गेमची पात्रं फार छान उतरतात, कारण मुळात ती चौकटींचीच होती. १९८५ च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’मधला छोटा मारियो बारा चौकटी रुंद आणि सोळा चौकटी उंच आहे, पाच मिलिमीटरच्या मण्यांत तो सहा बाय आठ सेंटिमीटरचा होतो. त्याला रंग लागतात फक्त तीन, कारण हा गेम ज्या यंत्रावर चालायचा त्यात एका आकृतीला तेवढेच मिळत. तुमच्या नमुन्यात वीस छटा येत असतील तर तुम्ही मोठं करून धूसर झालेलं चित्र उचललंय. मूळ मापाचं शोधा.

इस्त्रीची वाफ बंद ठेवा, आच मध्यम, मध्ये बटर पेपर. मण्यांची भोकं पाहत राहा: ती लहान होऊ लागली आणि शेजारचे मणी एकमेकांना टेकले की थांबा, भोक पूर्ण बुजलं तर चित्राची धार गेली. मग गरम असतानाच जाडजूड पुस्तकाखाली ठेवा. वाकडं होण्यावरचा खरा उपाय हाच. मणी लावताना कूलर आणि पंखा बंद, हे वेगळं सांगायला नको.

‘माइनक्राफ्ट’चं डोकं करायचं असेल तर हिशेब आणखी सोपा. चेहरा आठ बाय आठ चौकटींचा असतो. बत्तीस सेंटिमीटरचं खोकं घ्या, चार-चार सेंटिमीटरचे चौकोन आखा.

कागदी मॉडेल जुळत नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात चौकशी करा. ‘पानात बसवा’ हा पर्याय सुरू राहिला की काही पानं लहान होतात आणि भाग एकमेकांत बसत नाहीत. ‘दादा, शंभर टक्क्यांवर काढा’ असं आधीच सांगा, कागद १७० ते २०० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) मागा, आणि घडीची रेघ रिकाम्या रिफिलने दाबून घ्या.

गेमबद्दल मत देण्याआधी

उन्हाळ्यात ‘गेम अटकतो, नीट बनवलेलाच नाही’ अशी मतं फार ऐकू येतात. लॅपटॉप आणि फोन तापले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. खोलीच चाळीस अंशांची असेल तर हे फार लवकर होतं. तपासायची रीत अशी: दुपारी जिथे अटकला तीच जागा पहाटे पुन्हा खेळा. पहाटे सुरळीत चालला तर दोष खोलीचा. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओल आत जाते; मागून उंच करा आणि पंख्यातली धूळ काढून घ्या.

‘बटण दाबल्यावर उशिरा उडी मारतो’ ही तक्रार टीव्हीवर खेळणाऱ्यांची. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घेतो. सेटिंगमध्ये गेम मोड सुरू करा आणि मग ठरवा.

आवृत्ती लिहायला विसरू नका. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा इतका बिघडलेला होता की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. पहिल्या महिन्यातलं मत आणि आजचं मत, दोन्ही खरी असू शकतात, पण तारीख नसेल तर वाचणाऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही.

आणि ‘आवडला’, ‘बोअर झाला’ यावर थांबू नका. कुठे, कशामुळे ते सांगा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ घ्या. भिंतींवरची चित्रं आणि कठपुतळीसारखे प्रसंग पाहताना मी पुढे जायचं विसरलो. पण कॅमेरा आपल्या हातात नसल्याने काही उड्यांचं अंतर नीट कळत नाही, आणि तिथे चूक खेळणाऱ्याची वाटत राहते. गेमची नायिका राजी, तिला दुर्गेकडून मिळणारा त्रिशूळ मात्र फोममध्ये करून पाहाच: मधलं पातं कंड्युट पाईपवर, बाजूची दोन दहा मिलिमीटरच्या मॅटमधून, आणि दांडा मधोमध सुटा ठेवा, म्हणजे रेल्वेच्या बर्थखाली मावेल.