शेलचा हिशेब: माझा छेदच चुकला होता

शेल म्हणजे तेल-वायू धरून ठेवणारा घट्ट खडक. त्याच्या साठ्यांवर प्रकल्प घेतलेली मुलं मला ठरलेलेच प्रश्न विचारतात. सॉफ्टवेअर कोणतं, डेटा कुठला आणि पर्यावरणाचं प्रकरण शेवटी किती पानांचं जोडायचं? त्यातला 'शेवटी' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. मीही माझ्या प्रबंधात ते शेवटीच जोडलं होतं.

सच्छिद्रता, टीओसी (खडकातला एकूण सेंद्रिय कार्बन), परिपक्वता, खडकाला चिकटून बसलेला वायू हे सगळं तुम्हाला येतं असं धरते. जमिनीखाली एकूण किती आहे आणि त्यातलं तंत्राने किती काढता येईल, हा फरकही. (रिसोर्स म्हणजे अंदाजाने असलेला साठा आणि रिझर्व्ह म्हणजे त्यातला काढायला परवडणारा भाग. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्याला तोंडी परीक्षेत कोणी वाचवू शकत नाही.) मी अडकले ते पुढच्या पायरीवर, एका विहिरीतून आयुष्यभरात किती निघेल, म्हणजे ईयूआर काढताना.

माझ्याकडे विहिरींचे जेमतेम 14 महिन्यांचे आकडे होते. उत्पादन घटत जाण्याचा, म्हणजे घसरणीचा वक्र बसवला, सॉफ्टवेअरने बी चं (घसरण किती झपाट्याने मंदावते हे सांगणाऱ्या आकड्याचं) मूल्य 2 च्या आसपास दिलं, वक्र प्रत्येक बिंदूवरून गेला. मी खूश. मार्गदर्शकांनी आलेख पाहून मान डोलावली, मी आणखी खूश.

आता हे नीट ऐका. या वक्रामागचं आर्प्सचं समीकरण 1945 सालचं. विहिरीला आपल्या साठ्याच्या सीमा जाणवू लागल्यावरची घसरण ते मांडतं आणि तिथे बी 0 ते 1 च्या दरम्यान राहतो. शेलमध्ये खडक इतका घट्ट असतो की वायू बराच काळ सरळ रेषेत, पाण्याच्या दाबाने पाडलेल्या (म्हणजे फ्रॅकिंगच्या) भेगांकडे येत राहतो, सीमा जाणवतच नाहीत. त्या काळात बी 2 येणं बरोबरच आहे. पुढे शेजारशेजारच्या भेगा एकाच वायूवर हक्क सांगू लागतात आणि बी खाली येतो. आज खरा असलेला आकडा मी 30 वर्षं पुढे ओढला होता.

कागदावर करून बघा. दोन वक्र घ्या, एकात बी 1, दुसऱ्यात 2. दोन्हींत वर्षाअखेर उत्पादन सुरुवातीच्या एक तृतीयांशावर येऊ द्या. पहिल्या वर्षाच्या एकूण वायूत फरक सुमारे 10 टक्के, आणि गंमत म्हणजे बी 2 चा वक्रच कमी देतो. डेटातल्या गोंगाटात तो फरक दिसणारही नाही. 30 वर्षांची बेरीज मात्र बी 2 ने पावणेदोन पट येते. म्हणून वार्षिक घट 5 ते 10 टक्क्यांवर आली की वक्र घातांकी करतात, म्हणजे पुढे दरवर्षी तेवढ्याच टक्क्यांची घट धरतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट असते. मी ती रिकामी सोडली होती.

इथवरची चूक बरेच जण करतात. माझी खरी फजिती पुढच्या प्रकरणात झाली. फ्रॅकिंगला लागलेलं पाणी मी याच ईयूआरने भागलं आणि 'दर युनिट वायूमागे पाणी फारच कमी' असं ठळक अक्षरांत लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "पाणी तर वायू येण्याआधीच खर्च होतं ना? मग ते कमी कशामुळे झालं?" मला उत्तर सुचलं नाही. अंश मोजलेला होता, छेद कल्पनेतला. बी 1 खरा निघाला, तर दर युनिट पाणी मी लिहिलं त्याच्या पावणेदोन पट. तेवढाच वायू काढायला विहिरीही पावणेदोन पट, म्हणजे सांडपाणीही.

घाबरू नका, मोठ्यांचंही असं झालंय. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे शेलसाठी अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या 2011 च्या अंदाजात 1,540 कोटी बॅरल तेल होतं. त्यामागचा हिशेब सुमारे 28,000 विहिरी, प्रत्येकी साडेपाच लाख बॅरल. 2014 मध्ये तो आकडा 60 कोटींवर आला. पूर्व अमेरिकेतल्या मार्सेलस शेलच्या वायूचा अंदाज एका वर्षात 410 लाख कोटी घनफुटांवरून 141 वर आला. विहिरी वाढल्या की अंदाज हलतोच. त्याला लबाडी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण दशांशापर्यंत एकच आकडा देणाऱ्यांशी तर अजिबात नाही.

एका आकड्याऐवजी कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला द्या आणि तोच पल्ला पर्यावरणाच्या प्रकरणातही न्या. पी90 म्हणजे निदान तेवढं निघण्याची 90 टक्के शक्यता असलेला, म्हणून कमी साठ्याचा आकडा, हे उलटं वाटतं, दोनदा तपासा. एक गुंता राहतोच. पाणी आणि खोदकाम विहिरींच्या संख्येवर चालतं, वाहिन्यांतली मिथेन गळती बऱ्याच अंशी उत्पादनावर. म्हणून 'साठा कमी म्हणजे परिणाम कमी' हेही सरसकट खरं नाही. मिथेनसाठी 20 वर्षांचा हिशेब धरला की 100 वर्षांचा, हे न लिहिता आकडा देऊ नका. तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पहिल्यात तो 80 पटींहून जास्त भरतो, दुसऱ्यात सुमारे 30 पट. आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या भूकंपांना थेट फ्रॅकिंगचं नाव देऊ नका. 2016 चा 5.8 तीव्रतेचा धक्का खोलवर जिरवलेल्या सांडपाण्याशी जोडला जातो.

मार्गदर्शक निवडताना प्रबंधांची संख्या पाहू नका. तुमचा कच्चा डेटा उघडायला मागतो तो चांगला. माझ्यांनी मागितला नाही. तयार टेम्प्लेट देणारे सीनियर तर त्याहून धोक्याचे, त्यांच्या शीटमध्ये बी कुठल्यातरी लपवलेल्या रकान्यात कायमचा कोंबलेला असतो.

सुरुवात पेन्सिल्व्हेनियाच्या आकड्यांनी करा, तिथे विहिरीनुसार उत्पादन मिळतं. टेक्सासमध्ये तेलाची नोंद लीजनुसार (भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीनुसार) होते, एका लीजवर अनेक विहिरी असल्या तर आकडे आधी वाटून घ्यावे लागतात. ती वाटणी कशी केली, हेही प्रबंधात लिहा. माझ्या दुरुस्त प्रतीत परीक्षक बाईंनी सर्वात आधी तेच पान उघडलं.