‘बट’च्या आधी अर्धविराम? इंग्रजी अर्ज लिहिताना या चुका टाळा

खानापूरकडच्या एका मुलीनं नोकरीचा अर्ज तपासायला दिला. आपल्या भागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि अर्जाला इंग्रजी, हे ठरलेलंच. पहिलंच वाक्य होतं : ‘आय नो मराठी अँड कन्नड; बट आय कॅन आल्सो वर्क इन इंग्लिश.’ ‘बट’आधीच्या अर्धविरामावर (;) मी काट मारली. ती म्हणाली, “सर, शाळेत असंच शिकवलंय की.”

खोटं नव्हतं तिचं. दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययानं जोडताना अर्धविराम द्यावा, असं मराठी व्याकरणात आपण घोकलेलं असतं. ‘आभाळ भरून आलं; पण पाऊस पडला नाही.’ मराठीत विरामचिन्हं रुजवली ती १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी, आणि त्या काळच्या इंग्रजीत ‘बट’आधी अर्धविराम सर्रास पडायचा. इंग्रजीनं पुढं ती सवय बरीचशी सोडली, आपल्या पुस्तकांनी धरून ठेवली. आजच्या इंग्रजीत हिशेब जवळजवळ उलटा आहे : ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ असेल तर स्वल्पविराम, जोडणारा शब्दच नसेल आणि दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं असेल, तर अर्धविराम. ‘द बस वॉज लेट; आय मिस्ड द इंटरव्ह्यू.’ इथं नुसता स्वल्पविराम दिला तर ती चूक धरतात.

शंका आली तर अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून वाचा. दोन्ही तुकडे पूर्ण वाक्यं वाटली तर ठीक. ‘आय वॉज अब्सेंट; बिकॉज आय हॅड फीवर’ यातला दुसरा तुकडा एकटा लंगडतो. तिथं काहीच चिन्ह नको.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘हाउएव्हर’. अर्थ ‘पण’सारखाच, म्हणून लोक त्याला ‘बट’सारखा वापरतात : ‘द बस वॉज लेट, हाउएव्हर, आय रीच्ड ऑन टाइम.’ चूक. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ ही क्रियाविशेषणं. वाक्यं जोडायचं बळ त्यांच्यात नाही. त्यांच्याआधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम हवा. ओळखायचं कसं? शब्द जागचा हलवून बघा. ‘आय, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम’ हे चालतं. ‘आय, बट, रीच्ड’ म्हणून बघा, तुम्हालाच हसू येईल.

सीमाभागातल्या माणसाला अर्धविराम खरा उपयोगी पडतो तो यादीत. एकाच माणसानं तीन राज्यांत नोकरी केलेली असते. ‘बेळगाव, कर्नाटक, कोल्हापूर, महाराष्ट्र, पणजी, गोवा’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला सहा ठिकाणं दिसतात. ‘बेळगाव, कर्नाटक; कोल्हापूर, महाराष्ट्र; अँड पणजी, गोवा’ लिहा, तीनच दिसतील. इथं ‘अँड’आधी अर्धविराम चालतो बरं का, कारण तो वाक्यं जोडत नाही, यादीचे कप्पे पाडतो.

‘डिअर सर’पुढं अर्धविराम दिसला की मला कळतं, शिफ्ट दाबायचं राहिलंय. अपूर्णविराम (:) आणि अर्धविराम एकाच कळीवर असतात. ‘द फॉलोइंग डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड’ याच्यापुढंही हेच होतं. यादी सुरू करायला अपूर्णविरामच लागतो. ‘डिअर सर’ला साधा स्वल्पविराम पुरे. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टंकणाऱ्यांची तर वेगळीच गंमत : भाषा बदलायची राहिली तर त्या कळीवर ‘च’ उमटतो. ‘सर’ला ‘च’ चिकटलेला एक अर्ज मी स्वतः पाहिलाय.

अर्धविरामानंतर पहिलं अक्षर लहान लिपीतलं, विशेषनाम किंवा ‘आय’ असेल तर मोठं. चिन्हाआधी जागा सोडायची नाही, नंतर एक सोडायची.

त्या मुलीचा धाकटा भाऊ दहावीला आहे. अर्ज दुरुस्त होताना तो शेजारी बसून सगळं ऐकत होता. त्याला बजावून सांगितलं : मराठीच्या पेपरात ‘पण’आधीचा अर्धविराम काढू नकोस, तिथं मार्क जातील.