शेततळ्यात बोटुकली (माशांची बोटभर पिलं) सोडण्याआधी पाणी ओळखा

सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेला लागूनच शेततळं असतं, त्यात रोहू-कटला. "आमचं पाणी जड आहे, औषधानं मासळीला काही होत नाही," असं कुणी ना कुणी सांगतंच. ते अर्धंच खरं.

१. जडपणा पाहा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, तर पाणी जड. नेमका आकडा हवा तर टेस्ट किट आणा. तेल्या या डाळिंबाच्या रोगासाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारता, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबं. ते पिलांच्या कल्ल्यांवर बसतं. जड पाण्यातलं कॅल्शियम ती जागा आधीच अडवतं, कार्बोनेटही तांब्याला बांधून ठेवतं. मऊ पाण्यात तेवढंच तांबं जास्त मारक. गोम पहिल्या मोठ्या पावसाची: बागेतलं तांबं वाहून येतं आणि तेच पाणी तळंही मऊ करतं. म्हणून मेमध्येच बागेच्या बाजूला चर काढा.

सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाला मात्र जडपणाचं सोयरसुतक नाही. पिलं मारायला अगदी थोडंसं पुरतं, आणि थंडीत ते जास्तच बाधतं. गढूळ पाण्यात ते गाळाला चिकटतं, जोर थोडा उतरतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या नितळ तळ्यात तेवढाही आधार नाही.

२. सामू (पीएच) दोनदा मोजा, पहाटे आणि दुपारी तीनला. हिरव्यागार तळ्यात दुपारी तो ९ वर जातो. मॅलेथिऑन हे कीटकनाशक ७ सामूला निम्मं व्हायला साधारण आठवडा घेतं, ९ ला जेमतेम अर्धा दिवस. पण लगेच खूश होऊ नका. ३० अंशांच्या पाण्यात ८ सामूला माशांनी टाकलेल्या अमोनियाचा ७-८ टक्के भाग विषारी रूपात असतो, ९ ला जवळजवळ ४५ टक्के. पिलं मेली की दरवेळी फवारणीच दोषी नसते.

३. बोअरचं पाणी उंचावरून पडू द्या. त्यात प्राणवायू कमी असतो. तो कमी पडला की पिलं कल्ल्यांतून जास्त पाणी ओढतात, औषधही तेवढंच आत जातं.

४. तळ्यात हापा, म्हणजे बारीक जाळीची पेटी, लावा. त्यात १० बोटुकली सोडा, आणखी १० टबात, जिथून मत्स्यबीज आणलं तिथल्याच पाण्यात. ४८ तास थांबा. फक्त हाप्यातली मेली तर दोष तळ्याचा. सगळं बीज सोडू नका, आठवड्यानं पुन्हा लावून बघा. दोन्हीकडची मेली तर बीजच कमजोर होतं, किंवा वाहतुकीत दमलं.

आणि फवारणीचा पंप तळ्यात बुडवून भरू नका. धुवायचाही तळ्यापासून लांबच.