ऊसतोड बायकांच्या आरोग्याची पाहणी करायला निघालात? मग हे वाचा

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सरकारी समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. कारण विचारलंत तर ‘अंगावर जायचं’, ‘ओटीपोट दुखायचं’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यामागचं कामाचं, कर्जाचं, पाण्याचं कारण एकट्या डॉक्टरला सापडत नाही. पथकात स्त्रीरोगतज्ज्ञ हवी, हिशेब कळणारं कुणीतरी हवं आणि बायकांपाशी निवांत बसणारी एखादी ताई हवीच हवी.

मुलाखती हंगाम संपवून टोळ्या गावी परतल्यावर घ्या. पण एकदा तरी उसाच्या फडावर जाऊन या, कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, बसा. पाणी किती लांबून येतं ते स्वतः चालून बघा.

आजाराचा विषय आधी काढू नका. ‘काल पहाटे कधी उठलात?’ इथून सुरुवात करा. पाणी, भाकरी, तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरणं, रात्री-अपरात्री ट्रक आला की पुन्हा उठणं: सगळं क्रमाने येऊ द्या. मग पाळीच्या दिवसाकडे वळा. कापड कधी बदललं, कुणाच्या आडोशाला, कुठल्या पाण्यात धुतलं, उन्हात वाळलं की कोपीत दडवून? इथे घाई करू नका. खरं दुखणं इथेच कळतं.

नंतर उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकीचा खाडा पडला की दंड जोडीच्या हिशेबातून कापला जातो. उचल कधी व कशासाठी घेतली, खाड्याला किती कापतात, ऑपरेशन कोणत्या महिन्यात झालं, त्याचा पैसा कुठून आला, हे सारं एकाच ओळीत लिहा. माझ्या मते अख्ख्या फॉर्ममध्ये या ओळीइतकं मोलाचं काही नाही.

कागदांची पिशवी दाखवायची विनंती करा. सोनोग्राफी झाली होती का? डिस्चार्ज कार्डावर अंडाशयही काढल्याची नोंद आहे का? तरुणपणी दोन्ही अंडाशयं गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणून कंबर-गुडघ्यांचं जरूर विचारा.

त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायकांनाही हेच प्रश्न विचारा. त्याशिवाय ऊसतोडीचा वाटा किती, हे सांगता येणार नाही.

टोळी जमवून नेणारा मुकादम ‘मीच सांगतो सगळ्यांचं’ म्हणेल. त्याच्याशी वेगळं बोला, बायकांच्या मुलाखतीला त्याला बसवू नका. नाव लिहायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. आणि बोलता बोलता कुणाला रक्तस्राव सुरू असल्याचं कळलं, तर फॉर्म तिथेच थांबवा आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. ते केंद्र कुठे आहे, डॉक्टर कधी असतात, याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवा.