अंकांचे प्रश्न: समीकरणं मोजू नका, उरलेल्या संख्या मोजा

कोपरखैरण्याला माझ्याकडे बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं शिकायला येतात. डेटा सफिशियन्सीत, म्हणजे उत्तर काढायला दिलेली दोन विधानं पुरेशी आहेत का एवढंच ठरवायच्या प्रश्नांत, अंकांचा प्रश्न आला की हात आपोआप क्ष आणि य मांडायला लागतो. दोन चल, एक समीकरण, म्हणजे माहिती अपुरी, असा निकाल देऊन मुलं पुढे जातात आणि हक्काचा गुण घालवतात. दशकाचा अंक १ ते ९, एककाचा ० ते ९. दोन अंकी संख्या सगळ्या मिळून नव्वदच. विधान वाचा, त्यांतल्या किती उरतात ते बघा.

'दशकाचा अंक एककाच्या दुप्पट आहे.' २१, ४२, ६३, ८४. संख्या ओळखायची असेल तर अपुरं. आता 'दुप्पट'च्या जागी 'पाचपट' घाला. फक्त ५१! एकक २ घेतला तर दशक १० होतो, ० घेतला तर दोन अंकी संख्याच राहत नाही. एकच विधान, तरी पुरेसं. 'अंकांचा गुणाकार ४९' यालाही ७७ शिवाय दुसरं उत्तर नाही. ४२ असता तर ६७ आणि ७६ दोन्ही आल्या असत्या.

शून्याकडे लक्ष ठेवा. ठाण्याच्या गाड्यांवर एमएच ०४ रोज दिसतं, पण ०४ ही दोन अंकी संख्या नव्हे. उलट बेरीज ४ असली की १३, २२, ३१ लिहून मुलं थांबतात, ४० राहून जाते.

दुसरं विधान तपासताना पहिलं बोटाखाली झाका, अगदी खरोखर. दोन्ही वेगवेगळी तपासून झाल्यावरच एकत्र करा. आणि एकत्र केली म्हणजे उत्तर येतंच, असं धरू नका. समजा पहिलं विधान 'अंकांची बेरीज ९' आणि दुसरं 'संख्या व अंक उलटवून येणारी संख्या यांची बेरीज ९९'. क्ष दशकाचा अंक आणि य एककाचा धरला तर उलटवलेल्या संख्येसह बेरीज नेहमी ११(क्ष+य), म्हणजे दुसऱ्यानं नवं काहीच सांगितलं नाही. १८ पासून ९० पर्यंत नऊच्या नऊ संख्या तशाच उभ्या. वजाबाकी ९(क्ष−य) असते. तिथे 'फरक २७' आणि 'उलटवल्यावर २७ ने कमी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेरीज ९ सोबत पहिल्यानं ६३ आणि ३६ दोन्ही उरतात, दुसऱ्यानं फक्त ६३.

विचारलंय काय, हे मात्र सगळ्यांत आधी बघा. 'संख्या कोणती?' असेल तर एकच उरायला हवी. 'संख्येला ७ ने भाग जातो का?' असेल तर वरचं दुप्पटवालं विधान एकटं पुरतं, कारण चारही संख्या २१ च्या पटीत आहेत. '५ ने भाग जातो का?' यालाही तेच विधान पुरेसं: चौघींचं उत्तर ठाम 'नाही', आणि 'नाही' हेही उत्तरच.