विशेष गरजा असलेल्या मोठ्या माणसांच्या घरात राहायला जाताय? माझं सव्वा वर्ष सांगतो

बीए झाल्यावर मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेत निवासी कार्यकर्ता म्हणून सव्वा वर्ष राहिलो. घरात 11 जण, सगळ्यात लहान 19 वर्षांचा आणि सगळ्यात मोठे अण्णा, 46 चे. कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला ऑटिझम, दोघांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातापायांवर नीट ताबा नसतो ती. घर सांभाळायला अक्का आणि त्यांच्या हाताखाली आम्ही दोन पोरं. आता गावाकडची पोरंपोरी फोन करून विचारतात की असलं काम करायचंय, काय शिकावं लागतं, झेपेल काय, म्हणून एकदा बसून सगळं लिहितोय.

आधी हे घर कशासाठी असतं ते समजून घ्या. विशेष शाळा असते ती लहानपणी, 18 झाल्यावर शाळा सुटते आणि मग पोरगं घरात बसतं. खेड्यात तर उंबऱ्यात नाहीतर कॉटवर. आई-बाप साठीच्या पुढं गेले की रात्री एकच विषय असतो, आमच्यामागं ह्याचं कोण बघणार. माझ्या स्वतःच्या चुलतभावाच्या बाबतीत हे बघितलंय, म्हणून मी ह्या कामाकडं वळलो. सोबत राहण्याची ही पद्धत तशी जुनी आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर कार्ल क्योनिग नाझींमुळं देश सोडून स्कॉटलंडला गेले आणि 1940 साली अॅबर्डीनजवळ कॅम्पहिल सुरू केलं, तिथं सांभाळणारे आणि ज्यांना आधार पाहिजे ते एकाच छपराखाली राहतात, एका टेबलावर जेवतात, सगळे मिळून काम करतात. आपल्या मराठी मुलखात पुण्याजवळ कोळवणला साधना व्हिलेज 1994 पासून ह्याच वळणावर चालतं. जमलं तर रीतसर विचारून असलं एखादं ठिकाण आधी बघून या, मग ठरवा.

पहिल्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, "ये बाळा, बस." अक्का मला सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत, स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "तुझ्यापेक्षा दुप्पट वयाचे हायत ते, अण्णा म्हण आणि अहो-जाहो कर." त्या दिवसापासून बाळ, पिल्लू, शोनू सगळं बंद. तुम्हीही बंद करा. दाढी करून देताना, पँटची चेन लावून देताना समोरचा मोठा पुरुष आहे हे डोक्यात असलं की हात आपोआप वेगळे वागतात, आधी विचारून लावतात.

आता शेंगांची गोष्ट सांगतो कारण ह्या कामातलं मला जे कळलं ते तिथंच कळलं. अण्णांचं रोजचं काम म्हणजे दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. सूप पुढ्यात घ्यायचे, एक शेंग उचलायची, कानाजवळ नेऊन हलवायची, आत दाणा वाजला की अंगठ्यानं दाबायची, दाणे वाटीत आणि टरफल डाव्या बाजूला, आणि मग पुढची. वाटीभर दाण्यांना पाऊण तास. एकदा पाहुणे येणार होते, चटणीला कूट पाहिजे होता, मी घाईत त्यांच्या पुढचं सूप ओढून घेतलं आणि दहा मिनिटांत सगळ्या शेंगा फोडून मोकळा झालो. मला वाटलं मदत केली. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांना फारसं बोलता येतच नाही. पण रात्री जेवायला आले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी सुपाजवळ आले, बसले आणि हात मांडीवरच ठेवले. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो, एक शेंग घेतली, कानाशी हलवली आणि त्यांच्या हातात दिली. थोडा वेळ ती तशीच धरून बसले, मग फोडली. चटणीला दाणे बाजारातून आणता येतात हो, पण त्या घरात त्यांच्या वाटणीचं काम तेवढंच होतं आणि ते मी काढून घेतलं होतं. त्यानंतर कुणाच्या हातातलं काम मी घेतलं नाही, मग भाकरी जळो नाहीतर बस चुको.

पावसाळ्याचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि घरात तिघं रात्री अंथरूण ओलं करणारे. चादरी वाळत नाहीत, वास येतो, आणि ज्याची चादर असते त्याला ते कळत असतं, तो मान खाली घालून बसतो. आम्ही चुलीच्या वर दोरी बांधली होती, रात्री स्वयंपाक आटोपला की धगीवर चादरी टाकायच्या. त्या गुपचूप बदलायच्या, कुणासमोर ओरडून विचारायचं नाही, हे तुम्हाला कुठल्या कोर्समध्ये शिकवतील असं वाटत नाही.

फिट येणं बघितलं नसेल तर पहिल्यांदा हातपाय गळतात, माझेही गळाले. आपल्याकडं कांदा फोडून हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, हातात किल्ल्या देतात, दातात चमचा घालतात. ह्यातलं काहीही करायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं, आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत परत आली तर सरळ दवाखाना. किती वाजता आली, किती वेळ राहिली ते वहीत लिहायचं, डॉक्टर तेच विचारतात. गोळ्या एक वेळही चुकवायच्या नाहीत, संपत आल्यावर बघू असं तर अजिबात नाही.

भाषेचं आपल्या भागात वेगळंच असतं. आमच्यातले चौघं कन्नड घरातले, बाकी मराठी, आणि बाहेर भाषेवरून काहीही चालू दे, आमच्या पंगतीत "ऊट आयता" आणि "जेवलास काय" एकाच दमात चालायचं. एक नवा मुलगा कोल्हापूरकडून आला होता, चांगला होता, पण कन्नड शून्य. वाढताना आमच्यातला एक जण "साकु, साकु" म्हणत होता, साकु म्हणजे पुरे, आणि ह्याला वाटलं भात मागतोय, हा वाढतच गेला. शेवटी ताट भिंतीवर. वहीत काय लिहिलं गेलं, तर "आक्रमक वागणूक". ते मी अक्कांना सांगून खोडायला लावलं. नीरु, साकु, बेडा, नोवु, म्हणजे पाणी, पुरे, नको, दुखतंय, एवढे चार शब्द तरी येण्याआधी पाठ करा, आणि बोलता न येणाऱ्याचं "पुरे" कसं असतं तेही पहिल्या आठवड्यात विचारून घ्या. अण्णांचं ताटाला उलटा हात लावणं म्हणजे पुरे.

कागदपत्रांची कामं तुमच्याच गळ्यात पडणार. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, देशभर चालतं, पण पेन्शन राज्याची, त्यामुळं महाराष्ट्रातल्या चंदगडकडून आलेल्या माणसाचा पत्ता आणि रेशनकार्ड कुठलं हे आधी बघा, नाहीतर दोन्ही राज्यांत हेलपाटे होतात, आम्हाला झाले. 18 झाल्यावर आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्या चौघांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्याखाली डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, समितीकडं पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच ट्रस्टची निरामय म्हणून 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, ती बऱ्याच घरांना माहीतच नसते.

शिक्षणाचं म्हणाल तर घरात राहून काम करायला मला डिग्री विचारली नाही. विशेष शिक्षक व्हायचं असेल तर मात्र आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेला कोर्स आणि त्यांच्याकडं नोंदणी लागते, बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. मी आधी राहिलो आणि मग डिप्लोमाला गेलो, मला हाच क्रम बरा वाटतो. पैसे कमी मिळतात, मला जेवून-राहून 8 हजार होते, आई म्हणायची शिकून-सवरून हेच करणार काय. गणपतीला ती चार दिवस आमच्या घरी राहायला आली, अण्णांच्या शेजारी बसून मोदकांना पाकळ्या काढल्या, परत तो विषय काढला नाही. आणि मुलगे ह्या कामात कमी येतात, पण मोठ्या पुरुषांना आंघोळ घालायला पुरुषच पाहिजे, तर मुलांनो जरूर या.

शेवटचं, निघण्याचं. तुम्ही कधीतरी निघणार, आणि घरातल्यांनी तुमच्यासारखे किती आले-गेले ते बघितलंय. रात्रीतून बॅग भरून जाऊ नका. मी महिनाभर आधी सांगितलं, कालनिर्णयवर अण्णांच्या हातानं रोज एक दिवस खोडला, निघताना माझी कॉट कुणाला देणार तेही त्यांना दाखवलं. अक्कांनी मला एकच अट घातली होती, नक्की नसेल तर अमक्या वारी येतो म्हणून सांगायचं नाही. कारण अण्णा त्या वारी सकाळी नाश्ता झाल्यापासून गेटजवळच्या कट्ट्यावर बसतात, आणि जेवायला उठत नाहीत.